तयारीचा हिशेब: लष्करप्रमुख या पदाविषयी

२२ सप्टेंबर १९६२ ला दिल्लीत संरक्षण मंत्रालयात एक बैठक झाली. पंतप्रधान नेहरू परदेशात होते आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी न्यूयॉर्कला. विषय होता नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या, थाग ला या डोंगरधारेवर आलेल्या चिनी सैन्याचा. लष्करप्रमुख जनरल प्राणनाथ थापर यांनी धोका बोलून दाखवला: इथे हात घातला तर चिनी लडाखमध्ये उत्तर देतील. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं, पण निर्णय बदलला नाही. तेव्हा थापर यांनी लेखी आदेश मागितला, आणि तो मिळाला, मंत्रालयातल्या एका सहसचिवाच्या सहीने. लष्करप्रमुखांनी तयारी होताच कामेंग विभागातून चिन्यांना हुसकावण्याची कारवाई करावी, असा त्याचा आशय होता.

या प्रसंगाची चर्चा बहुधा सहीवरच अडकते. युद्धाला तोंड फोडणारा आदेश सहसचिवाने द्यावा का, वगैरे. प्रश्न रास्त आहे, पण मला त्या आदेशातले ‘तयारी होताच’ हे शब्द जास्त महत्त्वाचे वाटतात. सरकारने कारवाई करायची हे ठरवलं होतं, पण तयारी कधी पुरी झाली हे ठरवायचं काम कागदोपत्री तरी लष्करप्रमुखाकडेच सोडलं होतं. थाग लाच्या पायथ्याशी नामका चू नदीच्या काठी उभ्या असलेल्या ७ ब्रिगेडच्या जवानांच्या अंगावर उन्हाळी कपडे होते, माणशी जेमतेम ५० गोळ्या होत्या आणि रसद विमानातून टाकलेली, तीही बरीचशी दरीत जाणारी. त्या दिवशी कुणी ‘तयारी झाली का?’ एवढंच विचारलं असतं, तर त्याचं खरं उत्तर एका शब्दाचं होतं. ते उत्तर कागदावर कधीच आलं नाही. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, १९ नोव्हेंबरपर्यंत नेफातलं बोमदिला पडलं आणि थापर यांनी राजीनामा दिला.

भारताच्या लष्करप्रमुखाकडे नक्की काय असतं, याचं उत्तर मी या ‘तयारी’त शोधतो. त्याच्याकडे चार तारे असतात, सॅल्यूट असतो, पण हुकूम देण्याची सत्ता लोकांना वाटते तेवढी नसते.

कायद्यापासून सुरुवात करू. संविधानाच्या ५३ व्या अनुच्छेदानुसार संरक्षण दलांचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि ते कायद्याने नियमित केलेलं आहे. प्रत्यक्षात निर्णय मंत्रिमंडळाचा. लष्करी कायदा १९५० चा. त्याच्या २० व्या कलमाखाली लष्करप्रमुख एखाद्या जवानाला सेवेतून बडतर्फ करू शकतो, पण अधिकारी त्यातून वगळलेले आहेत. कालपरवा कमिशन मिळालेल्या लेफ्टनंटलाही प्रशासकीय आदेशाने काढायचं तर फाइल केंद्र सरकारकडे जाते. मोठी शस्त्रखरेदी होते ती संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या संरक्षण खरेदी परिषदेत. लष्करप्रमुख तिथे एक सदस्य. राजशिष्टाचाराच्या क्रमवारीत तिन्ही दलांचे प्रमुख १२ व्या क्रमांकावर, म्हणजे कॅबिनेट सचिवाच्या एक पायरी खाली येतात. इंग्रजांच्या काळात सरसेनापतीचा मान व्हाइसरॉयच्या खालोखाल होता. दिल्लीत त्याच्यासाठी बांधलेला फ्लॅगस्टाफ हाउस हा बंगला स्वातंत्र्यानंतर पंतप्रधानांचं निवासस्थान झाला. तेच आजचं तीन मूर्ती भवन. नव्या राज्यात कोण कोणाच्या वर, हे राजधानीने घरांच्या वाटपातच सांगून टाकलं होतं.

हे असं का करावं लागलं, याचं उत्तर १९०५ च्या भांडणात सापडतं. त्याच्या आधीची पार्श्वभूमी थोडक्यात: कंपनीच्या काळात बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या तीन फौजा, तिघांचे तीन सरसेनापती, त्यात बंगालचा सगळ्यांत वरचा. १८९५ मध्ये त्या फौजा एका छत्राखाली आल्या. तरीही सरसेनापतीच्या हातात सगळं नव्हतं. तो फौज लढवायचा, पण दारूगोळा, वाहतूक, रसद आणि पैसा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या ‘मिलिटरी मेंबर’कडे असे. तोही लष्करीच अधिकारी, हुद्द्याने सरसेनापतीपेक्षा कनिष्ठ, पण त्याच्या प्रस्तावांवर शेरे मारणारा. १९०२ च्या अखेरीस किचनर सरसेनापती म्हणून आला आणि त्याला हे सहन होईना. हुकूम आणि कोठार एकाच हाती हवं, असं त्याचं म्हणणं. व्हाइसरॉय कर्झनचं म्हणणं उलट: सरकारला लष्करी बाबींत दुसरं मत देणारा माणूस हवा, नाहीतर सरसेनापती सांगेल ते मुकाट्याने मान्य करावं लागेल. लंडनने किचनरची बाजू घेतली आणि ऑगस्ट १९०५ मध्ये कर्झनने राजीनामा दिला.

किचनर जिंकला, पण त्याची किंमत दहा वर्षांनी मेसोपोटेमियात मोजावी लागली. पहिल्या महायुद्धात भारतीय फौज बसऱ्याहून तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली. नदीत चालवायला पुरेशा बोटी नाहीत, जखमींना मागे आणायला इस्पितळी बोटी त्याहून नाहीत, औषधं नाहीत. २९ एप्रिल १९१६ ला कुत इथे वेढ्यात सापडलेल्या फौजेने शरणागती पत्करली. १९१७ च्या चौकशी आयोगाने व्हाइसरॉय हार्डिंग आणि सरसेनापती ब्यूचँप डफ या दोघांवर ठपका ठेवला, आणि एकाच माणसावर लढाई आणि प्रशासन दोन्हींचा भार टाकणाऱ्या व्यवस्थेवरही. हुकूम देणारा आणि कोठार मोजणारा एकच असला की कोठारातली तूट बाहेर येत नाही, कारण ती सांगण्यात त्याचाच कमीपणा असतो. पुढच्या शंभर वर्षांत हेच दुखणं वेगवेगळ्या रूपांत परत परत दिसतं.

१५ ऑगस्ट १९४७ पर्यंत एकच सरसेनापती तिन्ही दलांच्या वर असे. त्या दिवसापासून भूदल, नौदल आणि हवाई दल यांना स्वतंत्र प्रमुख मिळाले. भूदलाचे पहिले दोघे इंग्रजच: रॉब लॉकहार्ट, मग रॉय बुचर. काश्मीरचं युद्ध चालू असताना भारत आणि पाकिस्तान दोन्हीकडच्या फौजांचे प्रमुख ब्रिटिश होते आणि एकमेकांशी बोलत होते. १ जानेवारी १९४९ च्या युद्धबंदीची लष्करी बाजू बुचर आणि पाकिस्तानचे ग्रेसी यांच्यात ठरली. दोन आठवड्यांनी, १५ जानेवारीला, बुचर यांच्याकडून कोडंदेरा करिअप्पा यांनी सूत्रं घेतली. तोच आपला लष्कर दिन. करिअप्पांनंतर आलेले राजेंद्रसिंहजी शेवटचे सरसेनापती आणि पहिले लष्करप्रमुखही. १९५५ मध्ये संसदेने कायदा करून ‘कमांडर-इन-चीफ’ हे पदनाम काढून टाकलं आणि ‘चीफ ऑफ द आर्मी स्टाफ’ आणलं. पाकिस्तानने जुनं पद १९७२ पर्यंत ठेवलं. मधल्या काळात त्याच पदावरचे दोघे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

या व्यवस्थेत कारवाईचे हुकूम कोण देतो? लष्कराच्या सात कमांड आहेत: उधमपूर, चंडीमंदिर, जयपूर, पुणे, लखनौ आणि कोलकाता इथल्या सहा लढाऊ, आणि सिमल्याची प्रशिक्षण कमांड. प्रत्येकीवर एक लेफ्टनंट जनरल, ज्याला आपण आर्मी कमांडर म्हणतो. आपल्या क्षेत्रातली लढाई तो लढवतो. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी सेनापती नियाझींची शरणागती स्वीकारायला लष्करप्रमुख माणेकशा गेले नाहीत. पूर्व कमांडचे जगजितसिंग अरोरा गेले, कारण लढाई त्यांच्या कमांडची होती. प्रमुखाने वरून सैन्य, तोफा, विमानं आणि वेळ मिळवून द्यायची, कमांडमधलं प्राधान्य ठरवायचं, आणि सरकारला काय शक्य आहे ते सांगायचं.

हा धागा तुटला की काय होतं, ते १९६२ मध्ये दिसलं. नेफासाठी ४ कोअर (कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून होणारी फौज) घाईघाईने उभी करून बी. एम. कौल यांच्याकडे दिली गेली. कौल आदल्या दिवसापर्यंत मुख्यालयात चीफ ऑफ जनरल स्टाफ होते, पंतप्रधानांच्या विश्वासातले. कोअर कमांडर आर्मी कमांडरला डावलून थेट दिल्लीशी बोलू लागला. पुढे कौल आजारी पडून दिल्लीला आले आणि अंथरुणातून कोअर चालवू लागले. त्या दिवसांत खालच्या ब्रिगेडला हुकूम नक्की कुणाचा पाळायचा हा प्रश्न पडला असेल तर नवल नाही. कौल यांच्या बढतीवरूनच १९५९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख थिमय्या आणि मेनन यांच्यात बिनसलं होतं. थिमय्यांनी राजीनामा दिला, नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला, आणि मग नेहरूंनी संसदेत त्यांच्यावरच टीका केली. राजीनामा देऊन परत घेणारा प्रमुख पुढच्या दोन वर्षांत कितीही बरोबर बोलला तरी त्याचं वजन उरत नाही. थिमय्यांसारख्या सैनिकाच्या वाट्याला हे आलं याचं वाईट वाटतं. पण राजीनामा हे हत्यार एकदाच चालतं, हे त्यानंतरच्या प्रत्येक प्रमुखाला कळलं असणार.

१९६५ ची दोन उदाहरणं याहून बारकाईने पाहण्यासारखी आहेत, कारण तिथे चूक बाहेरून आली नव्हती. प्रमुख जनरल जे. एन. चौधरी, पश्चिम कमांडचे आर्मी कमांडर हरबक्ष सिंग. पाकिस्तानची चिलखती डिव्हिजन खेमकरणमधून आत आली तेव्हा चौधरींनी फौज बियास नदीच्या मागे घेण्याचा विचार मांडला. हरबक्ष यांच्या सांगण्यानुसार त्यांनी तो मानला नाही. इतक्या मोठ्या बाबीत तोंडी सूचना चालणार नाही, लेखी हुकूम द्या, असं उत्तर दिलं. मागे जाणं म्हणजे अमृतसरसह पंजाबचा मोठा तुकडा सोडणं. लेखी हुकूम आला नाही. १० सप्टेंबरला असल उत्तरजवळ उसाच्या शेतांत, पाणी सोडून चिखल केलेल्या जमिनीत पाकिस्तानी पॅटन रणगाडे अडकले आणि फुटले. तिथे डेक्कन हॉर्सचे रणगाडे लढवणारे लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य पुढे १९८३ मध्ये स्वतः लष्करप्रमुख झाले. चौधरी घाबरट नव्हते. दिल्लीच्या नकाशावर त्यांना पुढची चिलखती लाट दिसत होती, चिखल दिसत नव्हता.

दुसरं उदाहरण युद्ध थांबवतानाचं. आणखी काही दिवस लढलो तर मोठा विजय मिळेल का, असं शास्त्रीजींनी विचारलं तेव्हा आघाडीचा बराचसा दारूगोळा संपत आला आहे आणि रणगाडे खूप गमावले आहेत, असा सल्ला त्यांना मिळाला. युद्धानंतर हिशेब केला तर आघाडीच्या दारूगोळ्यापैकी सुमारे १४ टक्केच वापरला गेला होता. हा आकडा मोठ्या लढाईच्या धुरळ्यात चुकणं सोपं आहे: तोफखान्याची रेजिमेंट आपल्याजवळचा साठा कळवते, डिव्हिजन आपला, आणि डेपोतलं, गाडीत भरलेलं, वाटेतलं हे सगळं एकत्र करून ताजा आकडा देणारी यंत्रणा मुख्यालयात नसली तर प्रमुखापर्यंत पोचतो तो घाबरलेल्या टोकाचा आकडा. इथे तयारी होती आणि ‘नाही’ सांगितलं गेलं. १९६२ च्या नेमकं उलट, पण दोन्हीकडे घोटाळा एकच: प्रमुखाच्या टेबलावरचा कागद आणि कोठार यांचा मेळ नव्हता.

या पार्श्वभूमीवर १९७१ चा एप्रिल पाहावा. इंदिरा गांधींनी पूर्व बंगालमध्ये कारवाईबद्दल विचारलं आणि माणेकशांनी आत्ता नाही म्हटलं, हा किस्सा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. त्याचे रंगतदार तपशील मुख्यतः माणेकशांनीच पुढे सांगितलेले आहेत आणि सरकारला त्या वेळी खरंच लगेच युद्ध हवं होतं का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मला किश्श्यापेक्षा त्यांनी दिलेली कारणं मोलाची वाटतात, कारण त्यातलं प्रत्येक मोजता येण्यासारखं होतं. पावसाळा तोंडावर, पूर्व बंगालच्या नद्या फुगल्या की रणगाडे आणि ट्रक रस्त्यापुरते उरतात. पंजाबात गव्हाची कापणी चालू, धान्य हलवायला लागणाऱ्या वाघिणी आणि रस्ते लष्कराला लागले तर अन्नाचा प्रश्न. हिमालयातल्या खिंडी उन्हाळ्यात मोकळ्या, म्हणजे चीनकडच्या डिव्हिजन हलवता येणार नाहीत. चिलखती दलातले बरेच रणगाडे लढायला सज्ज नाहीत. याच कारणांची दुसरी बाजू म्हणजे डिसेंबरची तारीख: नद्या ओसरलेल्या, खिंडी बर्फाने बंद.

आणि मधले सात-आठ महिने वाट बघण्यात गेले नाहीत. त्रिपुरात रसद साठवायची तर एक चिंचोळी मीटरगेज लाइन आणि डोंगरातला रस्ता. त्यावरून ४ कोअरसाठी दारूगोळा, इंधन, इस्पितळं नेली गेली. नद्यांसाठी पुलाचं सामान देशभरातून गोळा झालं. मुक्तिवाहिनीचं प्रशिक्षण चाललं. ३ डिसेंबरला पाकिस्तानने पश्चिमेकडे हवाई हल्ले केले आणि १३ दिवसांनी ढाका पडलं, ९३,००० युद्धकैदी. माणेकशांचं शौर्य मला त्या एप्रिलमधल्या उत्तरात जेवढं दिसतं तेवढंच त्रिपुराच्या त्या मीटरगेज लाइनमध्ये दिसतं. ‘आत्ता नाही’ म्हणणाऱ्याने ‘मग कधी’ हे तारखेसकट सांगायचं असतं आणि ती तारीख पाळायची असते.

असा माणूस निवडला कसा जातो? उत्तर थोडं निराश करणारं आहे: जन्मतारखेवर बरंच अवलंबून. लेफ्टनंट जनरल ६० व्या वर्षी निवृत्त होतो. लष्करप्रमुख तीन वर्षं किंवा वयाची ६२, जे आधी येईल तोपर्यंत राहतो. म्हणजे पद रिकामं होईल त्या दिवशी जो ६० च्या आत आहे, तोच शर्यतीत. बिपिन रावत ३१ डिसेंबर २०१६ ला प्रमुख झाले तेव्हा ५८ वर्षांचे होते, त्यांना पुरी तीन वर्षं मिळाली. मनोज नरवणे यांचा जन्म २२ एप्रिल १९६० चा. पद मिळालं तेव्हा साठीला चार महिने उरले होते, कारकीर्द २८ महिन्यांची. त्यांच्यानंतरचे मनोज पांडे साठीपासून आठवडाभर दूर होते. उपेंद्र द्विवेदींचा जन्म १ जुलै १९६४ चा, ते ३० जून २०२४ ला निवृत्त व्हायचे होते आणि त्याच दिवशी लष्करप्रमुख झाले. जनरल व्ही. के. सिंग यांच्या जन्मवर्षाचा, १९५० की १९५१, वाद २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो याच गणितामुळे.

निवडीचा अंतिम अधिकार मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीकडे. ज्येष्ठता हा प्रघात आहे, बंधन नाही. १९८३ मध्ये उपप्रमुख एस. के. सिन्हा यांना डावलून वैद्य आले आणि सिन्हांनी सेवा सोडली. २०१६ मध्ये रावत दोघा ज्येष्ठांना ओलांडून आले आणि दोघेही आपापल्या जागी राहिले. सरकारला निवडीचा हक्क असावाच. पण ज्येष्ठता मोडताना कारण सांगितलं जात नाही, तेव्हा खालच्या शेदोनशे जनरलांना त्यातून काय धडा मिळतो, याचा विचार व्हायला हवा. ‘तयारी नाही’ असं कागदावर लिहिणाऱ्याची बढती थांबते असा समज पसरला, तर तूट वर पोचणारच नाही.

तूट कळवणं आजही अवघडच आहे. तीव्र युद्धाच्या ४० दिवसांना पुरेल एवढा दारूगोळा असावा, असा लष्कराचा निकष. महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालाप्रमाणे मार्च २०१३ मध्ये निम्म्या प्रकारांचा साठा १० दिवसांच्याही आत होता. त्याआधी मार्च २०१२ मध्ये व्ही. के. सिंग यांनी पंतप्रधानांना लिहिलेलं अशाच उणिवांचं पत्र फुटलं आणि सगळी चर्चा पत्र कुणी फोडलं यावरच झाली. रणगाड्यांसाठी गोळे आहेत का, हा मजकूर बाजूला पडला. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्य सीमेवर न्यायचं ठरलं तेव्हा हल्ला करणाऱ्या कोअरना आपल्या छावण्यांतून पोचायला सुमारे तीन आठवडे लागले. तोवर जगाचा दबाव येऊन ठेपला होता. ती उणीव कुठल्या गुप्त अहवालात नव्हती, रेल्वेच्या वेळापत्रकात होती.

आता पद पुन्हा बदलतं आहे. कारगिलनंतरच्या शिफारशी वीस वर्षं पडून होत्या. १ जानेवारी २०२० ला रावत पहिले संरक्षण दलप्रमुख झाले. संरक्षण दलप्रमुख तिन्ही प्रमुखांवर लष्करी हुकूम चालवत नाही, पण सामायिक लष्करी बाबींत सरकारचा मुख्य सल्लागार तो. संयुक्त संघटनांच्या प्रमुखाला हाताखालच्या तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचे अधिकार देणारा २०२३ चा कायदा मे २०२४ पासून लागू आहे. एका क्षेत्रातली तिन्ही दलं एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली आणणाऱ्या थिएटर कमांड उभ्या राहिल्या की लढाई थिएटर कमांडरची, आणि लष्करप्रमुखाकडे भरती, प्रशिक्षण, साठा, दुरुस्ती, बढत्या. १९०५ मध्ये किचनरने एकत्र केलेल्या दोन गोष्टी पुन्हा वेगळ्या होतील. मला हा बदल योग्य वाटतो, एका अटीवर: थिएटर कमांडरने मागितलेला आणि लष्करप्रमुखाने पुरवलेला साठा, दोन्ही आकडे संरक्षणमंत्र्यांसमोर एकाच पानावर, दोघांच्या वेगवेगळ्या सह्यांनी यायला हवेत, आणि तेही शांततेच्या काळात, दर तिमाहीला.